खात्याची दुसरी बाजू



मागील अंकात बैठ्या व्यवसायामुळे जडणाऱ्या व्याधींविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. किती चालावे, केव्हा चालावे, जिना चढावा की टाळावा, असे प्रश्न त्यांत थोडे होते. बहुतेकांनी निराळ्याच अडचणीकडे बोट दाखवले. एका भगिनीने लिहिले आहे, ‘काय करायचे ते आम्हांला ठाऊक आहे. सुरुवातही दरवर्षी होते. पंधरा दिवसांच्या पुढे गाडी जात नाही, यावर काही लिहा.’ या पत्राचे उत्तर मला ग्रंथांत शोधावे लागले नाही. ते आमच्याच घरात, फार मोठी किंमत मोजून मिळाले आहे.

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात माझी चाळीस वर्षे गेली. तेथे आजही लाखांचा माल शब्दावर उचलला जातो. वायदा पंधरा दिवसांचा असेल, तर चौदाव्या रात्री व्यापाऱ्याला झोप येत नाही. पैसे कोठूनही उभे करील, पण शब्द खाली पडू देणार नाही. हाच गृहस्थ डॉक्टरांच्या खोलीत बसून स्वतःशी वायदा करतो की, उद्यापासून रोज चालेन. तो वायदा आठ दिवसांत मोडतो आणि त्याला झोप मात्र उत्तम लागते! एकाच माणसाची ही दोन रूपे का असावीत? मला वाटते, कारण जमाखर्चाचेच आहे. पहिल्या व्यवहारात खात्याच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी उभा आहे. तो वाट पाहतो, विचारतो, आठवण ठेवतो. दुसऱ्या व्यवहारात देणारा तोच आणि घेणाराही तोच. ज्या नोंदीला जमेकडे दुसरे नावच नाही, ती बुडाली तरी बोंब कोण मारणार?

माझे थोरले बंधू, आमचे दादा, यांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटे चालावयास सांगितले. दादांनी नवे बूट आणले, खिशात मावेल अशी एक छोटी वही केली आणि पहाटे ते एकटेच सारसबागेकडे जाऊ लागले. वहीत रोजची तारीख आणि पुढे मिनिटे. अशा सलग तेवीस ओळी आहेत. मग दिवाळीची गर्दी सुरू झाली आणि नोंद थांबली. मी त्याच गाळ्यात त्यांच्यापासून चार हातांवर बसत होतो. दिवसभरात आम्ही शंभर गोष्टी बोलत असू. पोत्यांचा हिशेब, वसुली, मुलांची लग्ने. ‘दादा, आज गेला होतात का?’ एवढे एक वाक्य मी अडीच वर्षांत उच्चारले नाही. मोठ्या भावाला असे विचारणे बरे दिसत नाही, असे काहीसे मनात होते; आणि खरे सांगायचे तर, लक्षातच नव्हते. अडीच वर्षांनी दादा गेले. ते चालत राहिले असते तर वाचलेच असते, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. आयुष्यकर्माचा हिशेब आपल्या वहीत मावत नाही. परंतु ती वही आजही माझ्या गल्ल्यात आहे आणि तेविसाव्या ओळीखालची कोरी जागा मला माझीच उधारी वाटते.

आपल्या समाजाला खरे तर हे कोणी शिकवावे लागू नये. पर्युषणातील अठ्ठाई आठवा. ज्याला एरवी दुपारच्या चहाला दहा मिनिटांचा उशीर खपत नाही, तो आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर काढतो. रोज सकाळी गुरुमहाराजांसमोर, सर्वांच्या देखत, हात जोडून त्या दिवसाचे पच्चक्खाण घेतो. शेजारचे तपस्वी सुखसाता विचारतात, घरी पाहुणे साता विचारायला येतात. पाचव्या दिवशी मन डळमळले, तर सावरणारे दहा हात आजूबाजूला असतात. पालिताण्याला शत्रुंजयाच्या पायऱ्या साडेतीन हजारांहून अधिक आहेत. घरी पहिल्या मजल्यावर लिफ्टने जाणाऱ्या आमच्या एक काकू तेथे नव्वाणू यात्रेला बसल्या आणि पूर्ण करून आल्या. मी त्यांना विचारले, हे झाले कसे? म्हणाल्या, ‘पहाटे सारी धर्मशाळा उठायची, काठ्यांचे आवाज यायचे. आपण एकटेच पांघरुणात पडून राहायची लाज वाटायची.’ मूळ बळ श्रद्धेचेच, यात संशय नाही. पण श्रद्धा तर घरीही होती. तेथे काठ्यांचे आवाज नव्हते.

विहारसेवेला जाणारी आपली तरुण मुले पाहा. रविवारी आठपर्यंत न उठणारा मुलगा साध्वीजींचा विहार आहे म्हटले की पहाटे साडेचारला गाडी काढतो आणि दहा-बारा किलोमीटर पायी चालून येतो. त्याला कोणी व्यायामाचे महत्त्व समजावून सांगितलेले नसते.

या गोष्टीची शास्त्रीय पारखही झालेली आहे. १९२० च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनमधील नौकानयन मंडळाच्या सभासदांवर एक साधा प्रयोग केला. प्रत्येकाने प्रथम एकट्याने जड दांडी दमेपर्यंत उचलायची. मग दोघांनी मिळून एकच, अधिक वजनाची दांडी उचलायची. एकाने सोडली की दोघांचाही डाव संपला. तेव्हा असे दिसले की, जोडीतला दुबळा गडी एकट्याने जेवढा टिकला असता त्याहून अधिक वेळ टिकतो. आपल्यामुळे दुसऱ्याचे काम थांबेल, ही जाणीव त्याच्या दंडात उतरते. त्यात आणखी एक बारकावा होता आणि तो आपल्या फार उपयोगाचा आहे. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तेव्हा हा परिणाम सर्वांत ठळक दिसतो. फरक फार मोठा असला की दुबळा मनातून हरतो आणि बरोबरीचे दोघे असले की ओढ राहत नाही. म्हणून चालण्यासाठी सोबती निवडताना आपल्याहून थोडा चपळ निवडावा. मॅरेथॉन धावणाऱ्या पुतण्याच्या मागे लागू नये.

दादांच्या पश्चात आलेल्या कार्तिक पौर्णिमेला, ज्या दिवशी शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते, आम्ही बाजारातले पाच जण पर्वतीच्या पायथ्याशी जमलो. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे आमची नावे मालावरून पडलेली : गूळवाले, मिरचीवाले, साखरेचे दलाल, बारदानवाले आणि मी. ठरले ते एवढेच. पहाटे पावणेसहा वाजता पहिल्या पायरीपाशी यायचे. ज्यांना झेपते त्यांनी १०३ पायऱ्या दोनदा चढायच्या. साखरेच्या दलालांचे गुडघे झिजलेले, आणि गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरताना अधिक भार येतो. म्हणून त्यांनी खालीच सपाट रस्त्यावर फेऱ्या घालायच्या. सर्वांनी साडेसहाला पुन्हा एकत्र यायचे. नियम जन्मभराचा घ्यायचा नाही, फाल्गुनी चौमासीपर्यंतचा घ्यायचा; पुढचे पुढे पाहू. आणि पहिल्या पायरीपासून परत येईपर्यंत धंद्याची गोष्ट काढायची नाही. हजेरीची वही मी नवी घेतली नाही. दादांच्याच वहीत चोविसाव्या ओळीपासून लिहू लागलो.

हे पंचेचाळीस मिनिटांचे माप आम्ही मुद्दाम ठरवले नव्हते, पण ते एका सामायिकाच्या जवळपास जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे मार्गदर्शन दिले, त्यानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. ४८ मिनिटांच्या हिशेबाने खालची मर्यादा तीन सामायिकांहून किंचित अधिक होते. सामायिकाला वेळ काढणाऱ्या घराने व्यायामाला वेळ नाही असे सांगू नये. (दोन्ही एकाच वेळी उरकता येईल का, असे एका तरुण वाचकाने विचारले आहे. येणार नाही. समभावाची साधना आणि कॅलरी यांचा एकत्र हिशेब मांडू नये.)

पहिला महिना उत्साहात गेला. पौषातल्या थंडीत गळती लागली. तेव्हा बारदानवाल्यांनी व्यापारी तोड काढली : जो येणार नाही त्याने जीवदयेच्या पेटीत पन्नास रुपये टाकायचे. परिणाम असा झाला की, लोक निर्धास्तपणे झोपू लागले. दंड भरला की हिशेब चुकता! मिरचीवाल्यांनी तर एका महिन्याचे पैसे आगाऊ टाकले. जीवदयेचे भले झाले, आमचे झाले नाही. दहा दिवसांत ती पद्धत बंद केली आणि दुसरी सुरू केली. जो येणार नसेल त्याने आदल्या रात्री दहापूर्वी कळवायचे. न कळवता चुकला, तर परतताना आमच्यापैकी एकाने त्याच्या घरी जाऊन बेल वाजवायची. रागावायचे नाही, बोलणी द्यायची नाहीत, फक्त ‘आज दिसला नाहीत’ एवढे म्हणायचे. या बेलमध्ये पन्नास रुपयांहून कितीतरी अधिक धाक निघाला. अर्थात घरच्या मंडळींना सकाळी सातला दारात पाहुणा नको असतो, हेही त्यामागचे कारण असावे.

मुंबईतील हास्य क्लबाचा इतिहास येथे आठवतो. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील उद्यानात पाच माणसांना घेऊन तो सुरू केला. आरंभी एकेकाने विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि नको ते सुरू झाले. मग त्यांनी विनोदच सोडून दिले व नुसतेच हसायचे ठरवले. आमच्याही मंडळींचे तसेच झाले. आरंभी प्रत्येक जण आपापल्या साखरेसाठी, रक्तदाबासाठी, पोटासाठी आला होता. आता बारदानवाल्यांची साखर आटोक्यात आहे, तरी ते येतात.

या साऱ्यात स्त्रियांचा विचार आपण पुरुष फार थोडा करतो, हे कबूल केले पाहिजे. पहाटे पावणेसहा ही वेळ आमची होती, कारण त्या वेळी आमच्या घरचे दूध तापवणे, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधे हे सारे दुसरे कोणी करीत होते. आमच्या सुनेने आणि तिच्या मैत्रिणींनी सकाळची वेळ दोनदा धरून पाहिली. दोन्ही वेळा ती तुटली. मग बहू मंडळाने दुपारी तीन ते पावणेचार ही वेळ निवडली, स्थानकाच्या खालच्या दालनात. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, हलकी डंबेल्स, शेवटी पाच मिनिटे कायोत्सर्ग. तीत आता सासवाही येतात. काही घरांत सासू-सुना दिवसभरात जेवढे बोलत नाहीत तेवढे त्या पाऊण तासात बोलतात, असे ऐकतो. आपल्या घरातील स्त्रियांना ही वेळ मोकळी मिळावी, यासाठी त्या दिवशीचा दुपारचा चहा गाळ्यावर मागवून घ्यावा. त्याने पेढी बुडत नाही.

आपल्या आचाराला धरून काही गोष्टींचे भान ठेवावे लागते आणि त्यातच अनेकांचा क्रम तुटतो. आषाढी चौमासी लागली की पर्वतीच्या पायऱ्यांवर शेवाळ येते, वाटेवर हरितकाय आणि सूक्ष्म जीव यांची दाटी होते. ईर्यासमितीचा विचार करणारा माणूस तेथे पाऊल टाकायला कचरतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून चार महिने आम्ही स्थानकाच्या दालनात जमतो, शेषकाळात पुन्हा डोंगरावर. जागा बदलते, वेळ आणि माणसे बदलत नाहीत. चातुर्मासाचे निमित्त करून ज्यांनी व्यायाम थांबवला, ते कार्तिकात परत आल्याचे मी फारसे पाहिले नाही.

उपवास, आयंबिल, एकासना यांच्या दिवशी मात्र श्रमाचा व्यायाम करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी नवकारसीपूर्वी अनशापोटी चालावे की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे; साखर एकाएकी उतरली तर पायरीवरच भोवळ येते. आमच्यात रिवाज असा आहे की, उपवास असलेल्याने यायचे, पण चालायचे नाही. पायथ्याशी बसायचे आणि चपला-बूट सांभाळायचे. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. परंतु त्या दिवशी शरीराला विश्रांती मिळाली तरी येण्याची सवय उपाशी राहिली नाही, हे त्यातले मर्म आहे. चौविहार करणाऱ्यांना तर आणखी एक सोय आपोआप लाभलेली आहे. सूर्यास्तापूर्वी गाळ्यावरच डबा खाऊन ते पुन्हा गादीवर बसतात. त्याऐवजी शेजारच्या गाळेवाल्याला हाक मारून दोघांनी दहा-पंधरा मिनिटे बाजारात फेरी मारावी. जेवणानंतरच्या अशा थोड्या चालण्याने रक्तातील साखरेची उसळी कमी होते. (व्यायामाच्या लेखांत हटकून येणारे मध-लिंबाचे पाणी मी सुचवणार नाही, ते आपले नव्हे, आणि त्यावाचून काही अडतही नाही.)

गेल्या वर्षी माघात गूळवाले सलग तीन दिवस आले नाहीत. रात्रीचा फोनही नाही. बाजारात कुजबूज होती की, एका परगावच्या पार्टीने त्यांचे मोठे पैसे बुडवले आहेत आणि आता त्यांची स्वतःची देणी अडकली आहेत. त्या देण्यांत सर्वांत मोठा आकडा मिरचीवाल्यांचा होता. आमच्या पाळीच्या क्रमाने त्या दिवशी बेल वाजवण्याची पाळीही नेमकी मिरचीवाल्यांचीच आली. मी म्हटले, ‘तुम्ही राहू द्या, मी जातो.’ ते म्हणाले, ‘पाळी माझी आहे.’ आम्ही दोघे गेलो. दार गूळवाल्यांच्या मंडळींनी उघडले. मिरचीवाल्यांना पाहताच त्यांचा चेहरा उतरला. आत वळून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘अहो, वसुलीला आलेत.’

गूळवाले बाहेर आले ते मान खाली घालूनच. तीन दिवसांची दाढी वाढलेली. मिरचीवाल्यांनी त्यांना बोलू दिले नाही. ‘शेठ, पैशाचे गाळ्यावर बोलू,’ ते म्हणाले, ‘आज दिसला नाहीत, एवढेच विचारायला आलो. उद्या बूट घालून खाली या. मी घ्यायला येतो.’ मग चहा झाला. त्या चहाला कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी गूळवाले आले, पण चढले नाहीत. पहिल्या पायरीवर बसून राहिले. आम्ही वर जाऊन आलो, तरी ते तसेच बसलेले. वहीत मी त्यांची हजेरी मांडली आणि मिनिटांच्या जागी शून्य लिहिले. अशी शून्याची अकरा घरे त्या पानावर आहेत. बाराव्या दिवशी मिरचीवाले चढू लागले, तेव्हा गूळवाले उठून त्यांच्या मागे निघाले आणि अर्ध्यावर दम घ्यायला थांबले. मिरचीवालेही थांबले.

त्या उधारीचे पुढे काय ठरले, हे दोघांनी आम्हांला सांगितले नाही आणि पायरीवर धंद्याची गोष्ट काढायची नाही हा नियम असल्याने आम्ही विचारलेही नाही. हल्ली पायथ्याशी सर्वांत आधी गूळवालेच पोचलेले असतात. पावणेसहाला दोन मिनिटे कमी असताना माझा फोन वाजतो. मी उचलत नाही, कारण मी वळणावरच असतो आणि तेथून त्यांचा पांढरा मफलर दिसतो.